एका बिंदूचा पत्ता

गेल्या पावसाळ्यात आमच्या धर्मग्रामातील संध्याकाळच्या अभ्यासवर्गाला येणारी एक मुलगी आलेख कागद घेऊन माझ्याकडे आली. (३, २) आणि (२, ३) हे दोन्ही बिंदू तिने एकाच ठिकाणी मांडले होते. "फादर, आकडे तेच आहेत ना? मग जागा वेगळी कशी?" मी म्हणालो, "तिसऱ्या गल्लीतले दुसरे घर आणि दुसऱ्या गल्लीतले तिसरे घर एकच असते का?" तिला ते पटले. मग वर्षानुवर्षे सांगत आलेली गोष्ट मी तिला ऐकवली : फ्रेंच तत्त्ववेत्ता रेने देकार्त आजारपणात पलंगावर पडला असताना त्याने छतावर फिरणारी माशी पाहिली, दोन भिंतींपासूनच्या अंतरांवरून तिची जागा सांगता येईल हे त्याला सुचले आणि निर्देशक भूमिती जन्माला आली. मुलीने शांतपणे विचारले, "हे त्याने कुठे लिहिले आहे?"

मला उत्तर देता आले नाही. वाचकहो, ही गोष्ट मी प्रवचनातही सांगितली होती. म्हणून शोध घेणे भाग पडले.

देकार्तचा जन्म १५९६ चा. येशूसंघीयांच्या ला फ्लेश येथील विद्यालयात तो शिकला. प्रकृती नाजूक असल्यामुळे त्याला सकाळी उशिरापर्यंत अंथरुणात राहण्याची मुभा होती, हे खरे. माशीच्या कथेला आधार मिळाला असेल तो एवढाच. त्याच्या ग्रंथांत ती माशी नाही. १६३७ साली हॉलंडमधील लायडन येथे प्रसिद्ध झालेल्या त्याच्या ग्रंथाला भूमितीवरील एक निबंध जोडलेला आहे. त्यात आजच्या शाळेतले काटकोनात छेदणारे दोन अक्षही दिसत नाहीत. एका रेषेवर अंतर मोजायचे आणि तिथून सोयीच्या कोनात दुसरे अंतर घ्यायचे, अशी त्याची रीत. त्याचे खरे मोठेपण वेगळेच आहे. वक्ररेषा समीकरणात मांडता येते आणि समीकरण सोडवून भूमितीचे कोडे उलगडता येते, हे त्याने दाखवले. त्याच सुमारास तुलूझ येथील कायदेपंडित पिएर द फर्मा हाही स्वतंत्रपणे याच वाटेने चालला होता. मात्र त्याचे हस्तलिखित त्याच्या मृत्यूनंतर, १६७९ साली छापले गेले.

शोध घेताना आणखी मागे गेलो, तेव्हा एक धर्मगुरू भेटला आणि मन हरखले. निकोल ओरेम, नॉर्मंडीचा सुपुत्र, पॅरिस विद्यापीठाचा पंडित. १३७७ साली तो लिझ्यूचा बिशप झाला. संत तेरेजामुळे पुढे आपल्या ओळखीचे झालेले हेच ते नगर. देकार्तच्या पावणेतीनशे वर्षे आधी ओरेमने बदलत्या गोष्टींचे चित्र काढले. आडव्या रेषेवर काळ मोजायचा आणि प्रत्येक क्षणापाशी त्या वेळच्या वेगाएवढी उभी रेषा काढायची. समजा, एक स्वार थांबलेल्या स्थितीतून निघाला आणि त्याचा वेग सारखा वाढत वाढत चार तासांत ताशी ८ कोसांवर पोहोचला. उभ्या रेषांचा एक त्रिकोण तयार होतो. त्याचे क्षेत्रफळ १६, म्हणून अंतर १६ कोस. सलग चार तास ताशी ४ कोसांनी चालणाऱ्याचे अंतरही तेवढेच. ऑक्सफर्डच्या विद्वानांनी आधी मांडलेला हा सिद्धान्त ओरेमने डोळ्यांना दिसेल असा केला.

"निर्देशक भूमितीचा जनक आमचा बिशप!" असे लिहिण्याचा मोह मला झाला, हे कबूल करतो. पण तेही माशीच्या कथेसारखेच झाले असते. ओरेमकडे समीकरण नव्हते. प्रतलावरील कोणत्याही बिंदूला दोन संख्यांचा पत्ता देणे हा त्याचा हेतूही नव्हता. शून्याच्या डावीकडच्या आणि खालच्या ऋण संख्या तर देकार्तनेही पद्धतशीरपणे वापरल्या नाहीत. चारही चरणांत पसरलेले वक्र न्यूटनच्या १७०४ साली छापलेल्या निबंधात ठळकपणे दिसतात. 'निर्देशक' या अर्थाचा लॅटिन शब्द १६९२ साली लायब्निझने वापरला. आज तासाभरात शिकवला जाणारा हा पाठ घडायला साडेतीन शतके आणि अनेक हात लागले.

खरे सांगायचे तर सगळेच सांगावे. ज्या देकार्तला येशूसंघीयांनी घडवले, त्याचेच तत्त्वज्ञानविषयक ग्रंथ १६६३ साली ख्रिस्तसभेच्या निषिद्ध ग्रंथांच्या यादीत गेले. ती यादी १९६६ साली रद्द झाली. ओरेमचा अभिमान बाळगायचा असेल, तर हे पानही उलटून टाकता येणार नाही.

पुढच्या वर्गात मी त्या मुलीला सांगितले, "माशीची गोष्ट कुठेही लिहिलेली सापडली नाही. मी ती न तपासता सांगत होतो." ती हसली आणि आलेख कागदावर तिने (३, २) बरोबर जागी मांडला : आरंभबिंदूपासून आधी उजवीकडे तीन घरे, मग वर दोन. घाई न करता, बोटाने एकेक घर मोजत. मोजणी कुठून सुरू करायची हे आधी ठरवावे लागते, हे ती त्या दिवशी शिकली. मीही शिकलो.