चेंबलेला पत्रा घरी सरळ करताना

दुभाजकाला घासून मोटारीचा दरवाजा आणि त्यामागचे मडगार्ड आत जाणे ही शहरातील वाहनचालकाला नवी गोष्ट नाही. गॅरेजमालकाने सांगितलेला आकडा ऐकला, की हातोडा, पुट्टी आणि रंगाचा डबा आणून हे काम घरीच उरकावे, असा विचार अनेकांच्या मनात डोकावतो. खरचटणे किंवा उथळ पोचा असेल तर तो विचार गैर नाही. मात्र पत्रा घडी पडून आत गेला असेल, फाटला असेल किंवा शेजारच्या भागापासूनची फट कमी-जास्त झाली असेल, तर हातोडा उचलण्यापूर्वी गाडी नीट पाहणे आवश्यक ठरते.

त्याआधी कागदपत्रांचा विचार करावा. अपघातात कोणी जखमी झाले असल्यास पोलिसांचा पंचनामा आणि तपासणी होईपर्यंत गाडीला हात लावू नये. विम्याचा दावा करायचा असेल तर कंपनीला कळवून नुकसानीची पाहणी होऊ द्यावी. पत्रा आधीच ठोकलेला असल्यास दावा अडकतो. दुसरीकडे, दावा न केल्याबद्दल मिळणारी सवलत पहिल्या वर्षी २० टक्के आणि सलग पाच वर्षांनंतर ५० टक्के असते. ती स्वतःच्या गाडीच्या नुकसानीपोटीच्या हप्त्यावर मिळते आणि एका दाव्यानेही जाते. त्यामुळे छोट्या खर्चासाठी दावा करणे अनेकदा परवडत नाही, आणि घरच्या दुरुस्तीचा प्रश्न बहुतेक वेळा येथूनच सुरू होतो.

मोटारीच्या बाहेरच्या पत्र्याची जाडी साधारणतः पाऊण मिलिमीटर असते. बॉनेट, डिकीचे झाकण, दरवाजे आणि बहुतेक गाड्यांत पुढची मडगार्डे बोल्टांनी किंवा बिजागरीवर बसवलेली असतात. हे भाग फार चेंबले असतील तर ठोकत बसण्यापेक्षा बदललेले बरे. मुंबईत कुर्ल्याच्या जुन्या सुट्या भागांच्या बाजारात कधी कधी त्याच रंगाचा दरवाजाही मिळून जातो. मागची मडगार्डे, छत, दरवाज्याखालची पट्टी आणि दरवाज्यांमधील खांब मात्र सांगाड्याला वेल्डिंगने जोडलेले असतात. ते कापून बदलणे हे घरच्या अंगणातले काम नव्हे.

सांगाडा हलला आहे का, हे ओळखण्याची साधी पद्धत म्हणजे फटी पाहणे. दरवाजा, बॉनेट आणि डिकी यांच्या भोवतीची फट दोन्ही बाजूंना सारखी असावी. इंजिनाच्या जागेत समोरासमोरच्या बोल्टांमधील तिरके अंतर टेपने मोजावे. दोन मापांत ठळक फरक आढळल्यास गाडी सरळ गॅरेजला न्यावी. नव्या गाड्यांच्या खांबांत अतिशय मजबूत पोलाद वापरलेले असते. ते गॅसच्या ज्योतीने तापवल्यास त्याची ताकद जाते आणि वरून काहीही दिसत नाही. पुढच्या धडकेत ते खांबच प्रवाशाला वाचवणार असतात, म्हणून येथे काटकसर करू नये. एअरबॅग असलेल्या गाडीत छताच्या कडेला वा खांबांजवळ ठोकाठोकी करूच नये. सीएनजीची टाकी डिकीत असेल, तर आसपास वेल्डिंगचा विचारही नको.

प्रत्यक्ष ठोकण्याचे काम संयमाचे आहे. पोच्यातील बहुतेक पत्रा खरे तर ताणलेला नसतो. कडेला पडलेल्या घड्या त्याला अडकवून धरतात. म्हणून मधल्या खोलगट जागेवर आतून जोरदार घाव घालणे ही नवख्याची पहिली चूक ठरते. धडकेत जी घडी सर्वांत शेवटी पडली, ती प्रथम मोकळी करायची, असा कारागिरांचा क्रम असतो. आतून डॉली दाबून धरायची आणि बाहेरचा उंचवटा तिच्या शेजारी हलक्या हातोडीने बसवत जायचे. हातोडी आणि डॉली यांच्या बरोबर मधे पत्रा सापडून घाव बसत राहिले, तर तो पसरतो. मग डब्याच्या झाकणासारखा आत-बाहेर उडणारा फुगवटा तयार होतो. हा फुगवटा तापवून आणि गार करून आवळावा लागतो, आणि ते मुरलेल्या हाताचेच काम. डोळ्यांपेक्षा तळहातावर विश्वास ठेवावा; पातळ कापड घेऊन हात फिरवला की उंचसखलपणा चटकन जाणवतो.

पुट्टी, म्हणजे गॅरेजच्या भाषेत लांबी, ही पत्र्याला पर्याय नाही. जाणकार जुनी गाडी घेताना खिशात लोहचुंबक का ठेवतात, ते यावरून कळावे. पुट्टीचा थर दोन-तीन मिलिमीटरपेक्षा जाड होऊ लागला, तर पत्रा पुन्हा ठोकावा. रंग व गंज ८० नंबरच्या पॉलिश कागदाने काढून उघड्या, कोरड्या पत्र्यावर ती लावावी. हार्डनरचे प्रमाण वजनाने साधारण दोन टक्के, म्हणजे १०० ग्रॅमला २ ग्रॅम. लवकर वाळावी म्हणून ते वाढवल्यास पुढे रंगावर डाग उमटतात. उन्हाळ्यात मिश्रण काही मिनिटांतच घट्ट होते, तेव्हा थोडे थोडेच कालवावे. घासताना कागद बोटांवर न धरता लाकडी ठोकळ्याला गुंडाळावा आणि पाणी वापरू नये, कारण पुट्टी ओल शोषते. भोक पडलेल्या जागी तर ती भरूच नये. मागून ओल लागते आणि कोकणच्या खाऱ्या हवेत एका पावसाळ्यात फोड येतात.

प्राइमर वाळल्यावर काळ्या रंगाचा हलका फवारा मारून घासले, की उरलेले खड्डे काळे दिसतात. रंगाचा क्रमांक गाडीवरील पट्टीवर सापडतो. परंतु चंदेरी वा धातूची झाक असलेला रंग क्रमांक जुळूनही वेगळा दिसू शकतो. त्यामुळे कारागीर तो शेजारच्या भागापर्यंत विरळ करत नेतात. दमट हवेत रंगावर पांढरट झाक येते, म्हणून पावसाळ्यात हे काम टाळलेले बरे. हार्डनर घालून फवारायच्या रंगातील आयसोसायनेटमुळे कायमचा दमा जडू शकतो. तोंडाला रुमाल बांधून त्यापासून बचाव होत नाही. तो रंग बूथ असलेल्या गॅरेजवरच सोपवावा. पत्रा घरी सरळ करून केवळ रंगासाठी गाडी नेल्यास मजुरीचा काही भाग वाचतो. मात्र आधी रंगाऱ्याला विचारून घ्यावे, कारण दुसऱ्याच्या पुट्टीवर रंग मारायला अनेक जण तयार होत नाहीत.