मेरी मॅलन : फिरती स्वयंपाकीण आणि सार्वजनिक आरोग्य

कायम नोकरी करणाऱ्या माणसाची नोंद इतिहासात बहुधा कोठे तरी राहते. हंगामापुरत्या ठेवलेल्या माणसाची राहत नाही. गिरणी, कचेरी किंवा सैन्य ह्यांच्या दप्तरांतून नावे, वेतने आणि वयेही सापडतात. परंतु चार महिन्यांकरिता एखाद्या कुटुंबाच्या स्वयंपाकघरात शिरून हंगाम संपताच निघून जाणाऱ्या स्वयंपाकिणीचा माग अभ्यासकाला सहसा लागत नाही. विसाव्या शतकाच्या आरंभी न्यूयॉर्क शहरात अशा एका स्वयंपाकिणीचा माग लागला, आणि तोही तिच्या हातून पसरलेल्या रोगामुळे. तिचे नाव मेरी मॅलन. ‘टायफॉइड मेरी’ ह्या उपनामाने ती जगाला ठाऊक आहे. मात्र त्या उपनामात तिचा व्यवसाय लुप्त झाला आहे. वैद्यकाच्या इतिहासातील एक विलक्षण घटना म्हणून ह्या प्रकरणाकडे पाहण्याची रूढी आहे. फिरत्या नोकरीच्या इतिहासातील प्रकरण म्हणून त्याचा विचार केल्यास त्यातील मुख्य प्रश्न अधिक स्पष्ट होतो, असे दाखविण्याचा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

१

मेरीचा जन्म १८६९ साली आयर्लंडमधील टिरोन परगण्यातील कुक्सटाउन येथे झाला. किशोरवयातच ती अमेरिकेस आली. त्या काळी न्यूयॉर्कमधील सधन घरांतून काम करणाऱ्या स्त्रियांत आयरिश स्त्रियांचा भरणा मोठा होता. घरकामाच्या निरनिराळ्या पायऱ्यांत स्वयंपाकिणीची पायरी वरची मानली जाई. धुणे धुणाऱ्या किंवा केरवारे करणाऱ्या स्त्रीपेक्षा तिला वेतन अधिक मिळे आणि स्वयंपाकघरात तिचाच शब्द चाले. हे स्थान मेरीने केवळ स्वतःच्या कौशल्यावर मिळविले होते.

ह्या नोकरीचे स्वरूप मूलतः अस्थिर होते. उन्हाळा आला की धनिक कुटुंबे शहर सोडून लाँग आयलंडवर किंवा मेन राज्याच्या किनाऱ्यावर भाड्याच्या घरांत राहावयास जात, आणि शरद् ऋतूत परत येत. त्या मानाने नोकरमाणसे ठेवली व काढली जात. धनी आणि सेवक ह्यांची गाठ घालून देण्याचे काम मोबदला घेणाऱ्या काही कार्यालयांकडे असे. एकोणिसाव्या शतकातील अमेरिकेत ह्या कार्यालयांना ‘इंटेलिजन्स ऑफिस’ असे म्हणत. येथे ‘इंटेलिजन्स’ ह्या शब्दाचा अर्थ बुद्धी असा नसून वार्ता किंवा खबर असा आहे. कोणत्या घरी जागा रिकामी आहे आणि कोणती बाई कामास मोकळी आहे, ही खबर विकणे हाच त्यांचा व्यापार होता. फ्रान्सिस केलर ह्या समाजसंशोधक विदुषीने १९०४ साली प्रसिद्ध केलेल्या ‘आउट ऑफ वर्क’ ह्या ग्रंथात अशा कार्यालयांच्या कारभाराची कठोर चिकित्सा केली आहे.

ह्या व्यवहारात धन्याला खबर मिळे ती पूर्वीच्या धन्याच्या शिफारसपत्रातून. बाई प्रामाणिक आहे, स्वच्छ आहे, तिच्या हाताला चव आहे, एवढे त्यातून कळे. ह्या सर्व कसोट्यांना मेरी उतरत होती. जी गोष्ट कळणे आवश्यक होते ती मात्र त्या वेळी कोणालाच, खुद्द मेरीलाही, ठाऊक नव्हती.

२

१९०६ च्या उन्हाळ्यात न्यूयॉर्कमधील चार्ल्स हेन्री वॉरन ह्या पेढीवाल्याने लाँग आयलंडवरील ऑइस्टर बे येथे एक घर भाड्याने घेतले. ऑगस्टच्या अखेरीस त्या घरातील ११ माणसांपैकी ६ जण विषमज्वराने आजारी पडले. पाणी, दूध, मोऱ्या ह्यांची तपासणी झाली, पण काही निष्पन्न झाले नाही. घराला पुन्हा भाडेकरू मिळणार नाही ह्या भीतीने मूळ मालकाने जॉर्ज सोपर ह्या स्वच्छता-अभियंत्यास शोधासाठी नेमले. घरात नवी स्वयंपाकीण ४ ऑगस्टला आली होती आणि साथीनंतर थोड्याच आठवड्यांत निघून गेली होती, ही गोष्ट सोपरने हेरली.

शिजवलेल्या अन्नात विषमज्वराचे जंतू टिकत नाहीत. मग स्वयंपाकिणीच्या हातून रोग पसरावा कसा? ह्या शंकेचे उत्तर एका पदार्थात मिळाले. ताजी पीच फळे चिरून घातलेले आइस्क्रीम ही मेरीची खासियत होती. त्यातील फळांना अग्नीचा स्पर्श होत नसे.

पुढील शोध झाला तो नोकरी मिळवून देणाऱ्या कार्यालयाच्या आधारे. मेरी पूर्वी कोठे कोठे कामास होती ह्याची माहिती तेथून काढून सोपर घरोघर फिरला. मधले काही काळ रिकामेच राहिले. परंतु ज्या आठ कुटुंबांचा पत्ता लागला त्यांपैकी सात कुटुंबांत ती आल्यानंतर विषमज्वर झाला होता. रुग्णांची संख्या २२ भरली. त्यांपैकी एक मुलगी दगावली. १९०२ साली मेन राज्यातील डार्क हार्बर येथे यजमान आणि मेरी ह्यांखेरीज घरातील बाकी सर्व माणसे आजारी पडली होती. तेव्हा मेरीने न थकता रुग्णांची शुश्रूषा केली, आणि यजमानांनी कृतज्ञतेने तिला ५० डॉलर अधिक दिले. ह्या प्रसंगात दोन्ही पक्षांचा भाबडेपणा एकाच वेळी दिसतो. जिच्यामुळे घर आजारी पडले, तिलाच घर वाचविल्याचे बक्षीस मिळाले.

स्वतः निरोगी असूनही रोगाचे जंतू शरीरात बाळगणारी माणसे असतात, हे रॉबर्ट कॉख ह्यांच्या १९०२ च्या सुमाराच्या संशोधनाने जर्मनीत पुढे आले होते. मराठी वैद्यकीय परिभाषेत अशा माणसास ‘रोगवाहक’ म्हणतात. विषमज्वरातून बऱ्या झालेल्यांपैकी १ ते ५ टक्के लोकांत जंतू दीर्घकाळ राहतात आणि त्यांचे मुख्य आश्रयस्थान पित्ताशय असते, ही गोष्ट आज सर्वमान्य आहे. १९०७ साली ती अमेरिकेतील डॉक्टरांनाही नवीन होती. एका स्वयंपाकिणीने ती ऐकताच मानावी, ही अपेक्षा सोपरने केली आणि मेरीने मांस कापण्याचा काटा उगारून त्याला बाहेर काढले.

३

मार्च १९०७ मध्ये डॉ. जोसेफीन बेकर ह्यांनी पोलिसांच्या साह्याने मेरीस ताब्यात घेतले. तिची रवानगी पुढे ईस्ट नदीतील नॉर्थ ब्रदर बेटावर झाली. १९०९ पर्यंत तिच्या मलाचे १६३ नमुने तपासले गेले. त्यांपैकी १२० नमुन्यांत जंतू सापडले. पित्ताशय काढून टाकण्याची सूचना तिने नाकारली. १९०९ साली तिने बंदीप्रत्यक्षीकरणाचा अर्ज केला. कोणताही गुन्हा सिद्ध न होता आपणास कोंडून ठेवले आहे, असे तिचे म्हणणे होते. न्यायालयाने अर्ज फेटाळला.

१९१० साली आरोग्य-आयुक्त अर्न्स्ट लेडर्ल ह्यांनी तिची मुक्तता केली. स्वयंपाकाचे काम पुन्हा करणार नाही, असे तिने लिहून दिले. तिला धुलाईचे काम लावून देण्यात आले. ह्या प्रकरणाचा कणा ह्याच कराराच्या ठिकाणी आहे. स्वयंपाकघर सोडण्याने मेरीचे वेतन घटले, दर्जा खालावला आणि उभ्या आयुष्यात मिळविलेले एकमेव कौशल्य निरुपयोगी ठरले. ह्या हानीची भरपाई करण्याची कोणतीही तरतूद झाली नाही. बंदी राज्यसंस्थेने घातली. तिची किंमत एकट्या कामगार स्त्रीने द्यावयाची होती.

काही काळाने मेरी दृष्टीआड झाली. १९१५ च्या आरंभी न्यूयॉर्कमधील स्लोन ह्या स्त्रियांच्या रुग्णालयात विषमज्वराची साथ उद्भवली. २५ जण आजारी पडले, दोघांचा मृत्यू झाला. तेथील स्वयंपाकीण ‘मेरी ब्राउन’ ही मेरी मॅलनच होती. फिरत्या नोकरीत नाव बदलणे किती सोपे असते, हेही ह्यावरून दिसते. तिला पुन्हा बेटावर नेण्यात आले आणि ११ नोव्हेंबर १९३८ रोजी मृत्यू येईपर्यंत, म्हणजे आणखी २३ वर्षे, ती तेथेच राहिली. विषमज्वरावर क्लोरँफेनिकॉल हे औषध गुणकारी असल्याचे १९४८ साली दिसून आले, तेव्हा तिला जाऊन दहा वर्षे झाली होती.

४

मेरी निर्दोष होती असे म्हणता येणार नाही. प्रसूत स्त्रियांच्या रुग्णालयात नाव बदलून स्वयंपाक करणे हे अज्ञानाचे कृत्य म्हणून सोडून देण्याजोगे नाही. दोन मृत्यूंची जबाबदारी तिच्यावर येते. परंतु तिला जो न्याय लावला तो इतरांना लावला गेला नाही, हेही तितकेच खरे आहे. अन्नव्यवसायातील टोनी लाबेला ह्या वाहकाकडून शंभराहून अधिक लोकांना रोग झाला. त्याला अल्पकाळच वेगळे ठेवण्यात आले. अल्फोन्स कोटिल्स ह्या बेकरी व उपाहारगृहाच्या मालकाने मनाई असूनही अन्न हाताळले. १९२४ साली त्याला न्यायालयापुढे आणले, तेव्हा आपण धंदा दूरध्वनीवरून पाहू, असे त्याने सांगितले आणि त्याची शिक्षा तहकूब झाली. मालकाला धंद्यापासून दूर राहूनही धंदा करता येतो. स्वयंपाकिणीला चुलीपासून दूर राहून स्वयंपाक करता येत नाही. ज्युडिथ वॉल्झर लेव्हिट ह्यांनी १९९६ च्या आपल्या ग्रंथात लिंग, वर्ग आणि वंश ह्यांचा ह्या निर्णयांवर कसा परिणाम झाला हे विस्ताराने मांडले आहे. त्यात व्यवसायाच्या स्वरूपाचीही भर घातली पाहिजे. ज्याचे दुकान एका जागी असते त्याच्यावर लक्ष ठेवता येते; ज्याची नोकरीच फिरती असते त्याच्या शरीरालाच एका जागी बांधण्याचा मोह राज्यसंस्थेला होतो.

५

हा प्रश्न केवळ न्यूयॉर्कचा नाही. मराठीत व्यावसायिक स्वयंपाक्याला ‘आचारी’ म्हणतात. ह्या शब्दातच ‘आचार’ आहे. अन्नाची शुद्धता अन्न शिजविणाऱ्याच्या दृश्य आचरणावर अवलंबून असते, ही जुनी समजूत त्यातून सूचित होते. शिफारसपत्र पाहणारा अमेरिकन धनी आणि सोवळे पाहणारा मराठी यजमान हे दोघेही डोळ्यांना दिसणाऱ्या खुणांवर विसंबून होते. रोगवाहकाच्या शोधाने ह्या दोन्ही खुणा अपुऱ्या ठरविल्या.

भारतातील २००६ च्या अन्नसुरक्षा कायद्याखालील २०११ च्या विनियमांत, चौथ्या अनुसूचीत, अन्न हाताळणाऱ्यांची वर्षातून एकदा वैद्यकीय तपासणी आणि विषमज्वरवर्गीय रोगांविरुद्ध लस ह्यांची अपेक्षा ठेवलेली आहे. तपासणीची नोंद व्यावसायिकाने ठेवावयाची असते. म्हणजे कागद आस्थापनेत राहतो. लग्नसराईत एका गावाहून दुसऱ्या गावी जाणारा आचारी आणि त्याच्याबरोबरचे रोजंदारीवरील वाढपी ह्यांचे काम मात्र मांडवागणिक बदलते. आजारी माणसास काम देऊ नये हा नियम योग्यच आहे. परंतु त्या दिवसांच्या मजुरीचा विचार हा त्या अनुसूचीचा विषय नाही. जो ताप सांगेल त्याचा रोज बुडेल, अशी स्थिती असेल तर ताप सांगितला जाणार नाही, हे उघड आहे.

मेरी मॅलनच्या हातून ज्यांना रोग झाल्याची नोंद आहे अशांची संख्या ४७, त्यांतील मृत्यू ३. त्यांपैकी २५ रुग्ण आणि २ मृत्यू तिच्या मुक्ततेनंतरचे, म्हणजे तिचे वाहक असणे पूर्णपणे सिद्ध झाल्यानंतरचे आहेत. तोपर्यंत जंतूंविषयी ज्ञान उपलब्ध झाले होते आणि मनाईही लेखी होती. न्यून होते ते एवढेच, की ह्या स्वयंपाकिणीने चूल सोडल्यावर तिला तिच्याच तोलाचे जीवन कसे जगता येईल, ह्याची व्यवस्था कोणी केली नव्हती. अन्नाच्या सुरक्षिततेच्या इतिहासात हे न्यून प्रयोगशाळेतील न्यूनाइतकेच महत्त्वाचे मानावे लागेल.