चिवचिवाटाचें दफ्तर

इतिहासाच्या अभ्यासकास नव्या गोष्टीचा संशय फार; आणि तो त्याच्या व्यवसायास बहुधा शोभतोही. ट्विटर नांवाची सोय २००६ सालीं अमेरिकेंत सॅन फ्रान्सिस्को येथें निघाली. तिची हकीकत कानीं आली तेव्हां आम्हीं तिची थट्टाच केली. नांवाचा अर्थ पांखरांची चिवचिव. मजकुरास मर्यादा १४० अक्षरांची. आणि लिहिणारास विचारावयाचा प्रश्न एकच, ‘तुम्ही काय करीत आहां?’ कोणीं चहा घेतला, कोणाची गाडी चुकली, हें जगास कळविण्याची ही कसली हौस, असें आम्ही म्हणत असूं. अक्षरें मोजून लिहावें तें तार करणारानें, विचार करणारानें नव्हे, असाही आमचा एक ग्रह होता.

ही मर्यादा कोणा लहरी माणसाची नव्हती, हें पुढें समजलें. मोबाइलवरील लघुसंदेश १६० अक्षरांचा. त्यांतील २० लिहिणाराच्या नांवाकरितां राखून १४० उरलीं. त्या १६० चें मूळ पाहूं गेल्यास गंमत अशी कीं, फ्रीडहेल्म हिलेब्रांड या जर्मन अभियंत्यानें १९८५ च्या सुमारास ही संख्या पुरेशी मानिली, तेव्हां पुष्कळ पोस्टकार्डांवरील मजकूर दीडशें अक्षरांच्या आंतच संपतो, हें त्याच्या ध्यानांत आलें होतें. आम्ही ज्यास नवें खूळ म्हणत होतों तें पोस्टकार्डाचेंच नातवंड निघालें! हिंदुस्थानांत १८७९ सालीं पाव आण्याचें कार्ड आलें, आणि तेवढ्याशा जागेंत आपल्या वडीलधाऱ्यांनीं जन्म, मृत्यु, लग्नें, सारें कळविलें. त्यास क्षुद्र म्हणण्याचें धैर्य आम्हांस झालें नसतें.

मग प्रसंगच असे आले कीं थट्टा ओंठांतच राहिली. २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्रीं मुंबईवर हल्ला झाला, तेव्हां शहरांतील माणसें आपणांस काय दिसलें, रक्तदानाची गरज कोठें आहे, हें या तोकड्या ओळींतून कळवूं लागलीं. १५ जानेवारी २००९ रोजीं न्यूयॉर्क येथें हडसन नदीवर विमान उतरलें. उतारूंच्या मदतीस निघालेल्या नावेंतील एका प्रवाशानें टिपलेलें छायाचित्र याच मार्गानें जगभर गेलें. त्या वर्षींच्या नोव्हेंबरांत चालकांनीं आपला प्रश्नही बदलला: ‘काय घडत आहे?’ पहिला प्रश्न रोजनिशीचा होता, हा अखबाराचा. आणि हा पालट लिहिणाऱ्या लोकांनींच घडवून आणिला होता.

तेव्हां आम्हांस आमचीच लाज वाटली. विश्वनाथ काशिनाथ राजवाडे यांनीं १८९८ सालीं ‘मराठ्यांच्या इतिहासाचीं साधनें’ प्रसिद्ध करण्यास आरंभ केला आणि बावीस खंड काढिले. त्यांपासून आपण शिकलों तें हेंच कीं, मागाहून सजविलेल्या बखरीपेक्षां त्या त्या दिवशीं घाईंत लिहिलेल्या चिठोऱ्याचें मोल अधिक. दाणावैरण, देणेंघेणें, पाऊसपाणी यांविषयीं लिहिणारास आपण इतिहास लिहितों आहों असें वाटत नसे. चिठोरें खरेंच बोलतें असें नाहीं. मुंबईच्या त्या रात्रीं अफवाही उठल्या. परंतु खोटें केव्हां आणि कसें पसरलें, याचाही दाखला त्यांतच सांपडतो.

आतां संशय उरला आहे तो दफ्तर राखणाराविषयीं. अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसनें २०१० मध्यें तेथील सारें जाहीर लेखन जतन करण्याचें ठरविलें. परंतु १ जानेवारी २०१८ पासून ती केवळ निवडक लेखन घेऊं लागली. २०२२ मध्यें ईलॉन मस्क यांनीं ती संस्था विकत घेतली; २०२३ मध्यें नांव ‘एक्स’ झालें आणि पांखरूही उडालें. जुन्या वाड्यांतील रुमाल वाळवीनें खाल्ले, रद्दींत गेले. तरी राजवाड्यांस दार ठोठावण्यास वाडा होता, विनंति करण्यास माणूस होतें. उद्यांच्या संशोधकानें कोणाचें दार ठोठावावें?

याचें उत्तर आम्हांजवळ नाहीं. आम्ही स्वतः तेथें कधीं चार ओळी लिहितों, त्यांची नक्कल मात्र तारीख घालून वहींत उतरून ठेवितों.