बुडालेल्याला हात कोणी लावायचा?

ॲम्स्टरडॅम हे कालव्यांचे शहर. अठराव्या शतकात तिथे माणसे पाण्यात पडून बुडणे ही नेहमीचीच गोष्ट होती. श्वास थांबला म्हणजे माणूस संपला, अशी सर्वसाधारण समजूत. १७६७ साली तिथल्या काही नागरिकांनी बुडालेल्यांना वाचवण्यासाठी एक संस्था काढली. तिचे म्हणणे साधेच, पण त्या काळाला नवे होते. श्वास थांबलेला प्रत्येक माणूस मेलेला नसतो, आणि उपचार वैद्याची वाट न पाहता काठावरच्या माणसाने सुरू करायचे असतात.

उपचार कोणते? अंगाला ऊब द्यायची, तोंडाला तोंड लावून हवा फुंकायची, आणि तंबाखूचा धूर गुदद्वारावाटे आतड्यात सोडायचा! वर्गात हे सांगितले तर मुले हसतील, हसू द्यावे. उष्ण, झोंबणाऱ्या धुराने शरीर चेतवले जाईल, असा त्यामागचा तर्क होता. पहिल्या चार वर्षांत सुमारे १५० माणसे वाचल्याचा संस्थेचा दावा होता.

तिचे अहवाल थॉमस कोगन या डॉक्टरने १७७३ मध्ये इंग्रजीत आणले. लंडनचा विल्यम हॉज तेव्हा याच खटपटीत होता. थेम्स नदीतून काढलेला माणूस वेळेत आपल्याकडे आणणाऱ्याला तो पदरचे पैसे देत असे. १७७४ मध्ये दोघांनी प्रत्येकी पंधरा मित्र एका कॉफीगृहात जमवले आणि संस्था स्थापन केली. तीच पुढची रॉयल ह्यूमेन सोसायटी.

तिने बक्षिसे लावली. प्रयत्न करणाऱ्याला दोन गिनी, माणूस वाचला तर चार. शिवाय बुडालेल्याला आपल्या घरात घेऊ देणाऱ्यालाही एक गिनी. मला या तिसऱ्या कलमात खरे शहाणपण दिसते. माणूस आपल्या छपराखाली मेला तर पुरण्याचा खर्च आपल्या गळ्यात पडेल, या भीतीने खानावळवाले दार लावून घेत. ही भीती आपल्याला परकी नाही. रस्त्यावरच्या जखमीला हात लावला तर पोलीस चौकी आणि कोर्टाच्या खेपा मागे लागतील, म्हणून कितीजण बघत उभे राहिले असतील! आपल्याकडे २०१६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अशा मदतनिसांना संरक्षण देणारे नियम बंधनकारक केले आणि २०१९ च्या दुरुस्तीने ते मोटार वाहन कायद्यात आले. नाव सांगण्याची सक्तीही आता करता येत नाही.

लंडनमध्ये बक्षिसाचा वेगळाच परिणाम झाला. एकाने बुडाल्याचे सोंग करायचे, दुसऱ्याने वाचवायचे आणि पैसे वाटून घ्यायचे! हळूहळू रोख रकमेऐवजी पदके आली.

धुराचे काय झाले? १८११ मध्ये बेंजामिन ब्रॉडीने प्राण्यांवरील प्रयोगांतून तंबाखू हृदयाला घातक असल्याचे दाखवले आणि तो उपाय मागे पडला. पण योग्य उपायही हातून गेला होता. १७७० च्या दशकात प्राणवायूचा शोध लागला. मग उच्छ्वासाची हवा ‘वापरलेली’, ती काय कामाची? १७८२ पासून सोसायटी तोंडाऐवजी भात्याची शिफारस करू लागली. तर्क सरळ होता, मोजमाप मात्र कोणी केले नव्हते. बाहेरच्या हवेत २१ टक्के प्राणवायू असतो, उच्छ्वासात सुमारे १६–१७ टक्के उरतो, आणि तेवढा पुरतो. पुढे भात्याने फुप्फुसे फाटण्याचा धोका कळला. मग शतकभर पाठ दाबणे, हात वर-खाली करणे अशा पद्धती शिकवल्या गेल्या.

त्यांची खरी परीक्षा १९५७–५८ मध्ये बाल्टिमोरला पीटर सफार यांनी घेतली. ३१ स्वयंसेवकांना औषध देऊन त्यांचे श्वसनाचे स्नायू काही काळ निकामी केले आणि साध्या, अननुभवी माणसांना त्यांचा श्वास चालू ठेवायला सांगितले. पाठ दाबून पुरेशी हवा आत जाईना. बेशुद्ध माणसाची जीभ मागे पडून घसा बंद होत होता. मान मागे झुकवून फुंकलेली हवा मात्र फुप्फुसात पोचली. १९६० मध्ये त्याच शहरात छातीवर दाब देण्याची पद्धत मांडली गेली आणि दोन्ही मिळून आजचा जीवनदायी उपचार तयार झाला.

आज मिनिटाला १०० ते १२० दाब द्यायला शिकवतात. अचानक कोसळलेल्या प्रौढाला शिक्षण नसलेल्या माणसाने नुसते दाब दिले तरी चालते, कारण त्याच्या रक्तात थोडा प्राणवायू शिल्लक असतो. बुडालेल्याचा तो आधीच संपलेला असतो. त्याला फुंकर द्यावीच लागते.