नोंद आणि साक्ष



गेल्या काही वर्षांत तुमच्यापैकी अनेकांनी मला विचारलं, "अक्काच्या ओव्या रेकॉर्ड केल्या होत्या ना, त्यांचं काय झालं?" प्रत्येकाला मी एकच उत्तर दिलं, "डिस्क बिघडली." ते खरं नव्हतं. डिस्क ठणठणीत आहे, आत्ताही टेबलावर समोरच आहे. खरं काय घडलं ते आज लिहितो. पण आधी थोडा इतिहास सांगावा लागेल. जन्मभर शाळेत इतिहास शिकवला, त्यामुळे "कारणे" लिहिल्याशिवाय "परिणाम" लिहायचा हात वळत नाही.

आज आपण पेनड्राइव्ह खुपसतो आणि पडद्यावर त्याचं चित्र येतं. यात काही विशेष आहे असं कुणाला वाटत नाही. पूर्वी असं नव्हतं. नवीन वस्तू जोडायची तर कॉम्प्युटर बंद करायचा, झाकण उघडायचं, कार्ड बसवायचं आणि त्यावरच्या बारीक पिनांची जोडणी बदलून त्याला क्रमांक द्यायचा. दोन कार्डांनी एकच क्रमांक मागितला की दोन्ही अडून बसायची, पंगतीत एकाच पाटावरून भांडणाऱ्या व्याह्यांसारखी.

जानेवारी १९९६ मध्ये यूएसबीची पहिली आवृत्ती आली. सात कंपन्यांनी मिळून ती ठरवली होती. इंटेलमध्ये त्या कामात पुढे असलेले अजय भट्ट हे बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठात शिकलेले. सयाजीरावांचं नाव वाचून मला उगाच घरचं कार्य असल्यासारखं वाटलं. असो. चालू कॉम्प्युटरला वस्तू जोडावी आणि त्यानं ती आपणहून ओळखावी, ही कल्पना घरोघरी पोचली ती यूएसबीमुळे.

कल्पना सोपी, पण पाळणं अवघड. २० एप्रिल १९९८ रोजी शिकागोच्या प्रदर्शनात बिल गेट्स यांच्या शेजारी उभे राहून ख्रिस कपोसेला विंडोज ९८ दाखवत होते. त्यांनी स्कॅनर जोडला आणि भल्या मोठ्या पडद्यावर ती सुप्रसिद्ध निळी पाटी आली. सभागृह हसलं. म्हणूनच अजून हे बाजारात आणलेलं नाही, अशा अर्थाचं काहीतरी बोलून गेट्स यांनी वेळ मारून नेली. मला ती चूक भाग्यवान वाटते. सगळ्यांच्या डोळ्यांदेखत झाली, म्हणून कुणी फसलं नाही. मुकाट्यानं होणारी चूक जास्त वाईट.

आता माझ्या लिनक्सकडे येतो. यात जोडलेलं जवळजवळ प्रत्येक यंत्र "डेव्ह" नावाच्या फोल्डरमध्ये एक फाईल म्हणून दिसतं. ही युनिक्सपासूनची रीत. पूर्वी जगात जी जी यंत्रं असू शकतील त्या सगळ्यांच्या नावाच्या फायली तिथे आधीच करून ठेवलेल्या असत, हजारोंनी. पाहुणे येवोत न येवोत, पानं मांडून तयार!

जानेवारी २००१ मध्ये लिनक्सच्या गाभ्याची, म्हणजे कर्नलची, २.४ ही आवृत्ती आली. तिच्यात एक सोय होती. यंत्र जोडलं किंवा काढलं की कर्नल "हॉटप्लग" नावाच्या प्रोग्रॅमला हाक मारी, आणि पुढचं काम शेल स्क्रिप्ट करत. शेल स्क्रिप्ट म्हणजे आपण कीबोर्डवर एकामागून एक ज्या आज्ञा देऊ, त्या फाईलमध्ये लिहून ठेवलेली यादी. स्टीफन बोर्न यांचा शेल १९७९ मध्ये युनिक्सबरोबर बाहेर आला, तेव्हापासून ही विद्या बऱ्यापैकी तशीच आहे. माझ्यासारख्या मराठी घेऊन बी.ए. झालेल्या माणसालाही ती निवृत्तीनंतर शिकता आली, यावरून ती किती सरळ आहे ते समजावं.

पण स्क्रिप्ट लिहिताना आपण नकळत एक गोष्ट गृहीत धरतो. समोर कुणीतरी बसलेलं आहे. चूक झाली तर संदेश पडद्यावर येईल आणि तो माणूस वाचेल. कर्नलनं हाक मारलेल्या स्क्रिप्टसमोर कुणीच नसतं. तिला पडदा नसतो, तुमचं घर कुठलं ते माहीत नसतं, आणि प्रोग्रॅम कुठे शोधायचे याची यादीही मोजकीच मिळते. हातानं चालवली तर चोख चालणारी स्क्रिप्ट यंत्र जोडल्यावर गप्प पडते ती यामुळे. ती ओरडतेही, पण ऐकायला कुणी नसतं.

शिवाय क्रमाचा घोटाळा. यंत्र "आलं" आणि "गेलं" या दोन बातम्यांसाठी दोन वेगळे प्रोग्रॅम सुरू होत, आणि "गेलं"चं काम कधी "आलं"च्या आधी उरके. म्हणून पुढे कर्नल प्रत्येक बातमीला अनुक्रमांक देऊ लागला. आपल्या आवक-जावक रजिस्टरसारखाच! त्या काळी दोष शोधण्याचा एक साधा उपाय होता. हॉटप्लगच्या जागी दोन-चार ओळींची स्क्रिप्ट ठेवायची आणि तिला जे जे सांगितलं जातं ते सगळं एका फाईलमध्ये उतरवून घ्यायचं. आधी काही दुरुस्त करायचं नाही, फक्त लिहून घ्यायचं.

२००३ मध्ये ऑटावाच्या लिनक्स परिषदेत ग्रेग क्रोह-हार्टमन यांनी "यूडेव्ह" मांडलं. आता जे यंत्र खरोखर जोडलंय त्याचीच फाईल तयार होऊ लागली, आणि "असं यंत्र आलं की ही स्क्रिप्ट चालव" असा नियम कुणालाही लिहिता येऊ लागला. २०१२ मध्ये यूडेव्ह हे सिस्टिमडी या मोठ्या प्रकल्पात सामील झालं.

असाच एक नियम मी नोव्हेंबर २०१६ मध्ये लिहिला. माझा छोटा व्हॉइस रेकॉर्डर जोडला की त्यातल्या सगळ्या फायली आपोआप डिस्कवरच्या "ओव्या" फोल्डरमध्ये उतराव्यात आणि शेवटी एका फाईलमध्ये तारीख-वेळेसह "नक्कल झाली" अशी ओळ पडावी. रेकॉर्डर जोडून स्क्रिप्ट हातानं चालवून पाहिली. उत्तम चालली. मी खूश.

डिसेंबरात अक्काकडे चार दिवस राहिलो. तिनं माळ्यावरचं जातं खाली काढायला लावलं. नऊ ध्वनिफिती झाल्या. घरी येऊन रेकॉर्डर जोडला, वहीत "नक्कल झाली" ही ओळ पाहिली, आणि त्याच संध्याकाळी रेकॉर्डर रिकामा केला. पुढे त्याच रेकॉर्डरवर कीर्तनं, व्याख्यानं, काय काय भरलं आणि पुसलं. प्रत्येक वेळी वहीत ओळ पडत होती.

अक्का २०१८ मध्ये गेली. वर्षश्राद्धाला तिचा आवाज ऐकवावा म्हणून मी फोल्डर उघडलं. त्यात माझ्या नोव्हेंबरातल्या चाचणीच्या दोन फायली होत्या. बाकी काही नाही.

भाच्याला, म्हणजे अक्काच्याच मुलाला, फोन केला. तो याच क्षेत्रातला. मला वाटलं चिडेल. तो थोडा वेळ काही बोललाच नाही. मग म्हणाला, "मामा, आधी रेकॉर्डरला हात लावू नका. तो तसाच माझ्याकडे पाठवा. आणि स्क्रिप्ट पुसू नका, ती आपण बघू."

त्यानं दुसऱ्या एका पेनड्राइव्हवर नियम लावायला सांगितला आणि स्क्रिप्टच्या सुरुवातीला दोन ओळी घालायला लावल्या. एकीमुळे सगळे संदेश एका फाईलमध्ये जातात. दुसरी "सेट -एक्स", तिच्यामुळे स्क्रिप्ट प्रत्येक आज्ञा पाळण्याआधी ती अधिक-चिन्ह लावून लिहून काढते. पेनड्राइव्ह जोडला. फाईलमध्ये स्वच्छ लिहिलेलं होतं: नक्कल करायला गेलो, तिथे असं फोल्डरच नाही. आणि लगेच पुढची ओळ: "नक्कल झाली" असं वहीत लिही.

ती ओळ मी कसलीही अट न घालता शेवटी टाकली होती. काम होवो न होवो, ती पडणारच होती.

फोल्डर का नव्हतं? माझा तर्क, घाई झाली असेल. म्हणून आधी तीस सेकंद थांबायची आज्ञा घातली. तरी तेच! उलट पेनड्राइव्हचं चित्रही आता तीस सेकंद उशिरा येऊ लागलं. भाच्यानं "यूडेव्हएडीएम मॉनिटर" चालवायला सांगितलं. त्यात कर्नलची बातमी ताबडतोब दिसे आणि यूडेव्हची बरोबर तीस सेकंदांनी. मग उलगडा झाला. माझी स्क्रिप्ट संपल्याशिवाय यूडेव्ह ती बातमी पुढे देत नाही, आणि बातमी मिळाल्याशिवाय पेनड्राइव्ह उघडला जात नाही. मी दाराची कडी धरून उभा होतो आणि पाहुणे आत का येत नाहीत म्हणून वाट पाहत होतो.

योग्य रीत अशी की यूडेव्हनं फक्त घंटा वाजवायची, तास दुसऱ्यानं घ्यायचा. पेनड्राइव्ह किंवा रेकॉर्डर उघडला गेल्यावर सिस्टिमडी आता माझी स्क्रिप्ट स्वतंत्रपणे सुरू करते. नक्कल झाली की स्क्रिप्ट मूळ आणि नक्कल ताडून पाहते, जुळल्या तरच ओळ लिहिते, नाही तर थांबते आणि का थांबली ते लिहिते.

हे सगळं होत असताना मला सारखी लाज वाटत होती ती वेगळ्याच गोष्टीची. वर्षानुवर्षं मी मुलांना बखर आणि अस्सल कागद यातला फरक शिकवला. इतिहासाचार्य राजवाड्यांनी १८९८ मध्ये "मराठ्यांच्या इतिहासाची साधने" छापायला सुरुवात केली ती कशासाठी, हे फळ्यावर लिहून दिलं. बखर मागाहून लिहितात, कुणाला तरी बरं वाटावं म्हणून. अस्सल पत्र घटना घडताना लिहिलेलं असतं, त्याला पुढचा शेवट ठाऊक नसतो. माझी "नक्कल झाली" ही ओळ बखर होती. "सेट -एक्स"नं लिहिलेला कागद अस्सल होता. आणि "डिस्क बिघडली" ही तुम्हाला सांगितलेली दुसरी बखर.

भाच्यानं फोटोरेक नावाच्या प्रोग्रॅमनं रेकॉर्डर खरवडला. पुसलेल्या जागेवर दुसरं काही लिहिलं गेलं नसेल तर त्यातून फायली परत मिळतात. नऊपैकी तीन मिळाल्या. सहा मी भरलेल्या व्याख्यानांखाली गेल्या. मिळालेल्यांपैकी एकीत ओवी अशी नाहीच. नुसती जात्याची घरघर आहे आणि अक्का विचारतेय, "झालं का रे सुरू तुझं ते यंत्र?" मी म्हणतोय, "झालं, झालं. म्हण तू."

तिन्ही फायली तीन ठिकाणी ठेवल्या आहेत आणि प्रत्येक ठिकाणच्या उघडून, शेवटपर्यंत ऐकून पाहिल्या आहेत. ज्यांना हव्यात त्यांनी कळवा, पाठवतो. आणि भाच्याला याबद्दल काही विचारू नका. त्यानं मला आजवर एका शब्दानं दुखावलेलं नाही.