दारूबंदीची सरहद्द

महाभारताच्या मौसलपर्वांत दारूबंदीची एक राजाज्ञा आली आहे. वृष्णि-अंधकांच्या नगरांत यापुढें कोणीं मद्य गाळूं नये; गाळील त्यास बांधवांसह जिवंत सुळीं द्यावें, असें आहुक, जनार्दन, राम व बभ्रु यांच्या नांवें पुकारण्यांत आलें. धाकानें ती आज्ञा पाळली गेली. पुढें यादव तीर्थयात्रेस प्रभासास निघाले, बरोबर मद्यहि गेलें, आणि कुलक्षय झाला तो तेथें. आज्ञा नगराची होती. अनर्थ वेशीबाहेर घडला. निषेधाचा इतिहास लिहितांना कायद्याचें कलम जितकें पाहावें तितकीच त्याची सरहद्दहि पाहावी, एवढेंच दाखविण्याचा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

आजच्या छत्रपति संभाजीनगर (पूर्वींच्या औरंगाबाद) जिल्ह्यांतील सिल्लोड हें या दृष्टीनें चांगलें उदाहरण होय. सिल्लोडाहून अजिंठ्याचा घाट उतरून फर्दापूर मागें टाकलें कीं जामनेर तालुक्यांतील पहूर लागतें. १९५६ पर्यंत सिल्लोड-फर्दापूर हैदराबाद राज्यांत, तर पहूर मुंबई राज्याच्या पूर्व खानदेशांत होतें. मुंबईचा दारूबंदी कायदा १९४९ चा. ६ एप्रिल १९५० पासून त्या राज्यांत संपूर्ण बंदी झाली. सिल्लोडाकडे मात्र हैदराबादचा १३१६ फसलीचा आबकारी कायदा होता. १ नोव्हेंबर १९५६ रोजीं मराठवाडा मुंबई राज्यांत आला, तरी हा भेद तत्काळ मिटला नाहीं. मुंबईचा कायदा मराठवाड्यास लावणारा अधिनियम १९५९ चा आहे. म्हणजे सुमारें नऊ वर्षें एकाच सडकेच्या एका टोकास जी बाटली सरकारी महसुलाची बाब, तीच दुसऱ्या टोकास गुन्ह्याचा मुद्देमाल होती.

अशी सरहद्द कौटिल्याच्या नजरेंतून सुटली नव्हती. अर्थशास्त्राच्या दुसऱ्या अधिकरणांतील सुराध्यक्ष-प्रकरणांत गांवाबाहेर मद्य नेण्यास मनाई आहे. ठरलेल्या स्थळाखेरीज अन्यत्र मद्य करणारा, विकणारा व विकत घेणारा या तिघांसहि सहाशें पणांचा दंड सांगितला आहे. परंतु उत्सव-यात्रांच्या प्रसंगीं चार दिवसांची मोकळीक आहे, आणि पानागारांत अवाजवी खर्च करणाऱ्यांवर गुप्तपणें लक्ष ठेवावयाचें आहे. मौसलपर्वांतील आज्ञेंत सूळ आहे, सूट नाहीं. कौटिल्याच्या नियमांत दंडहि आहे व सूटहि आहे. पेशव्यांच्या रोजनिशींतहि मद्य गाळण्याच्या मनाईच्या आज्ञा आढळतात.

मुंबई शहरांत आधुनिक काळची पहिली बंदी १ ऑगस्ट १९३९ रोजीं, खेर मंत्रिमंडळांतील डॉ. गिल्डर यांच्या कारकीर्दींत आली. मंत्रिमंडळानें त्याच वर्षीं राजीनामा दिला आणि ती फार काळ टिकली नाहीं. १९५० च्या बंदीस दीर्घ काळ मिळाला, आणि चोरट्या धंद्यासहि तितकाच. संपन्नांस वैद्यकीय कारणाचा परवाना मिळविणें शक्य होतें. मजुराच्या वांट्यास हातभट्टी आली. गूळ व नवसागर यांवर भट्टी लावणें हें एकट्यादुकट्याचें काम आहे; परंतु मोठ्या शहरास रोज माल पुरवावयाचा तर गाळणारा, वाहणारा, गुत्तेवाला व पाळतीवरचा अशी सांखळी लागते. या सांखळींत कोणीं वचन मोडलें तर त्याची फिर्याद न्यायालयांत नेतां येत नाहीं. मग निवाडा करण्यास दादा उभा राहतो, व संघटित गुन्हेगारी ती हीच. फारसींत आठवड्याचा वाचक असलेला ‘हप्ता’ हा शब्द मुंबईच्या बोलींत लाच व खंडणी या अर्थीं रुळला, हाहि एक पुरावाच होय. धारावी-माटुंगा भागांत वरदराजन मुदलियार याचें प्रस्थ माजलें तें याच धंद्यावर. अमेरिकेंत १९२० ते १९३३ या बंदीच्या काळांत शिकागोस असेंच घडलें होतें.

तथापि मुंबईच्या सर्व टोळ्यांचें मूळ दारूबंदींत शोधणें हा अतिव्याप्तीचा दोष होईल. हाजी मस्तान याचें नांव मुख्यतः सोन्याच्या चोरट्या आयातीशीं निगडित आहे, व त्या आयातीचें कारण सोन्यावरील निर्बंध हें होतें. कारणें दोन, परंतु मागणी कायम ठेवून पुरवठा बेकायदा केला कीं भाव चढतो, हा न्याय दोहींस सारखा लागू पडतो. उलट, बंदी सैल केल्यानें हें सर्व आपोआप निवळतें असेंहि नाहीं. १९७३ च्या नियमांनीं देशी दारूच्या विक्रीस रीतसर वाट मिळाली, तरी २००४ मध्यें विक्रोळीस व २०१५ मध्यें मालवणीस विषारी दारूनें माणसें दगावलीं. मालवणींतील मृतांची संख्या शंभरांवर गेली. सामान्य गरीब माणसांच्या प्राणांशीं ज्या विषयाचा असा संबंध आहे, त्याचा इतिहास चित्रपटांवर व ऐकीव गोष्टींवर सोंपविणें योग्य नव्हे.

म्हणून संग्राहकांस एक विनंति आहे. ‘कलाल’ हा शब्द राजतरंगिणींत येणाऱ्या ‘कल्यपाल’ शब्दाचा वंशज आहे. पण ताम्रपटास जो मान, तो कलालाच्या वहीस आपण देत नाहीं. आबकारी ठेक्याची कबुलायत, मद्याचा परवाना, नाक्यावरील जप्तीचा पंचनामा, असा कागद मोडींत असो वा उर्दूंत, हातीं आल्यास रद्दींत टाकूं नये. त्यावरील गांव, तारीख व अंमल यांची नोंद करून तो जपावा. सिल्लोड-पहूरसारख्या सरहद्दीचा खरा इतिहास अशाच कागदांवरून लिहितां येईल.