हेमाटाइटची खाण आणि जनुकातली खूण

सूरजागडच्या डोंगरातलं लोहखनिज म्हणजे हेमाटाइट. कर्करोगाच्या इतिहासात या खनिजाचं नाव आधीच आलेलं आहे, पण ते ज्या कारणाने आलं ते एटापल्ली तालुक्याला जसंच्या तसं लागू होत नाही. म्हणून हा इतिहास नीट बघायला हवा.

1879 मध्ये हार्टिंग आणि हेसे या दोन डॉक्टरांनी जर्मनीतल्या श्नीबर्गच्या खाणकामगारांची शवविच्छेदनं करून दाखवलं, की त्यांचा जीव घेणारा छातीचा आजार म्हणजे फुफ्फुसातली गाठ आहे. त्यामागे रेडॉन हा किरणोत्सारी वायू आहे, हे बऱ्याच नंतर कळलं. 1970 मध्ये इंग्लंडच्या कंबरलँडमधल्या हेमाटाइट खाणींचा अभ्यास प्रसिद्ध झाला. जमिनीखाली काम करणाऱ्यांमध्ये फुफ्फुसाच्या कर्करोगाचे मृत्यू अपेक्षेपेक्षा सुमारे 70 टक्के जास्त होते, आणि वर काम करणाऱ्यांमध्ये वाढ दिसली नाही. म्हणजे संशय खनिजापेक्षा बोगद्यात कोंडलेल्या रेडॉनवर जास्त.

सूरजागडची खाण उघडी आहे, रेडॉन तिथे साठत नाही. मग प्रश्न मिटला का? नाही. हेमाटाइटच्या थरांसोबत क्वार्ट्झ असतं आणि ते फोडलं की सिलिकाची बारीक धूळ उडते. शिवाय ट्रक आणि यंत्रांचा डिझेलचा धूर. दोन्ही जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेच्या पहिल्या गटात, म्हणजे माणसात कर्करोग करतात हे सिद्ध झालेल्यांत आहेत.

आता समजा, वीस वर्षांनी इथल्या कुणाला गाठ झाली. ती कशामुळे झाली, हे जनुक सांगेल का? 1991 मध्ये तशी आशा वाटली होती. शेंगदाण्यावरच्या बुरशीचं विष यकृताच्या कर्करोगात पी-53 या जनुकाच्या 249 क्रमांकाच्या जागी ठरावीक बदल करतं, असं दिसलं. 1994 मध्ये अमेरिकेतल्या युरेनियम खाणकामगारांच्या 52 गाठींपैकी 16 मध्ये त्याच जागी एकच बदल सापडला. रेडॉनचा जणू अंगठाच मिळाला! पण दुसऱ्या गटांनी इतर कामगारांच्या गाठी तपासल्या, तेव्हा तो काही सापडेना. त्यात हा बदल ज्या जातीचा, त्याच जातीचे बदल तंबाखूचा धूरही करतो. बिडी ओढणाऱ्या कामगाराच्या बाबतीत भांडण इथेच अडकणार.

मग जनुक-अभिव्यक्तीचा काळ आला. जनुकात काय लिहिलंय यापेक्षा कोणतं जनुक किती चालू आहे, ते मोजायचं. 2007 मध्ये तैवानच्या गटाने पाच जनुकांच्या मोजमापावरून शस्त्रक्रियेनंतर रोग कुणाचा उलटण्याची शक्यता जास्त, याचा अंदाज बांधला. काम मोलाचं आहे, माझा त्यावर विश्वासही आहे. पण ही मोजमापं गाठ पुढे कुठे जाईल ते सांगतात, ती आली कुठून ते नाही.

कंबरलँडच्या संशोधकांकडे जनुकं नव्हतीच. त्यांच्याकडे मृत्यूचे दाखले होते आणि त्यावर माणसाचा धंदा लिहिलेला होता. एवढ्यावर त्यांनी खाणीचा दोष दाखवला. सूरजागडला असं काही सिद्ध करायचं तर कोण किती वर्षं कुठे कामाला होतं आणि हवेत धूळ किती होती, याची नोंद आतापासून लागेल. आलापल्लीच्या रस्त्याकडेला राहणारा माणूस तर खाणीच्या कुठल्याच हजेरीपटावर नसतो.